विश्लेषण : जाताना नदी, येताना पठार... फ्रान्समधील गोलाकार पायवाटा नेमक्या कुणाच्या?

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात लॉट नदीच्या दरीत बुझिएस नावाचे छोटेसे गाव आहे. तिथून एक पायवाट निघते, नदीला चिकटून सॅं-सिर्क-लापोपी या कड्यावरच्या मध्ययुगीन गावात पोहोचते आणि वरच्या पठारावरून फिरून पुन्हा बुझिएसला येते. अर्ध्या दिवसाचे काम. तिकीट नाही, नोंदणी नाही, गाईडही लागत नाही. झाडांवर, दगडांवर, विजेच्या खांबांवर रंगाच्या छोट्या पट्ट्या दिसत राहतात, त्या पाहात चालायचे. फ्रान्सभर अशा हजारो वाटा आहेत. काही गावच्या जमिनीतून जातात, काही कुणाच्या तरी खासगी रानातून. मग परक्या माणसाने तिथून चालायचे ते कोणत्या हक्काने? हा प्रश्न २०२३ च्या एका कायद्यानंतर फ्रान्समध्ये चांगलाच तापला.

ही वाट मुळात कशासाठी खोदली?

फिरायला येणाऱ्यांसाठी तर नक्कीच नाही. काओर परिसरातील वाइन लॉट आणि पुढे गारोन नदीतून बोर्दोच्या बंदरात जायची. मालवाहू होड्या सपाट बुडाच्या असत, त्यांना गाबार म्हणत. प्रवाहाबरोबर खाली जाणे सोपे, पण परतताना होडी दोराने ओढावी लागे. कधी जनावरे ओढत, कधी माणसे. त्यासाठी काठाने सलग वाट हवी. बुझिएसच्या पुढे गानिलजवळ मात्र चुनखडीचा कडा थेट पाण्यात उतरतो, काठ म्हणून काही उरतच नाही. तेव्हा १८४३ ते १८४७ या काळात कड्याच्या पोटातच वाट कोरण्यात आली. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला आणि डोक्यावर खडक, असा हा अर्धा बोगदा आहे. आज बुझिएसहून सॅं-सिर्ककडे चालणारा माणूस प्रवाहाच्या उलट जात असतो, म्हणजे होडी ओढणाऱ्यांच्याच दिशेने.

एवढा खटाटोप करून वाट तयार झाली आणि चाळीस वर्षांत तिची गरज संपली. १८८६ मध्ये दरीतून रेल्वे धावू लागली. त्याच सुमारास फायलॉक्सेरा या किडीने काओरचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. १९२६ मध्ये तर लॉटचे नाव जलवाहतुकीच्या नद्यांच्या सरकारी यादीतूनच काढून टाकण्यात आले. मग त्या रेल्वेचेही दिवस भरले आणि दरीतील प्रवासी गाड्या बंद पडल्या. कोरलेली वाट तेवढी राहिली. दानिएल मोनिए या शिल्पकाराने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या खडकावर शंख, मासे, वनस्पतींचे उठावशिल्प कोरले. अनेक जण ते पुरातन समजून फोटो काढतात.

वरचे गाव आणि त्यावरचे पठार

बुझिएसहून सॅं-सिर्क-लापोपी चारेक किलोमीटर. शेवटचा चढ दमवतो, कारण गाव नदीपासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर आहे. एके काळी हे लाकूड कातणाऱ्यांचे गाव होते. बॉक्सवूडच्या टणक लाकडापासून पिंपांच्या तोट्या इथे बनत. अतिवास्तववादाचा प्रवर्तक आंद्रे ब्रेतों १९५० मध्ये इथे आला आणि गावाच्या इतका प्रेमात पडला की घरच घेऊन बसला. २०१२ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात प्रेक्षकांनी फ्रान्सचे सर्वांत आवडते गाव म्हणून त्याची निवड केली. त्यानंतर उन्हाळ्यात काय होते, ते सांगायला नको. जेमतेम दोनशेच्या घरात कायमची वस्ती आणि गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही. आमच्या मते ही वाट चालण्याचा खरा काळ मे-जून किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये नदीकाठची वाटच गावापेक्षा जास्त सुखाची.

परतीची वाट पठारावरून. या पठाराला तिथे ‘कोस’ म्हणतात (आपल्या अंतराच्या कोसाशी त्याचा संबंध नाही). चुनखडीचा खडक पाणी धरून ठेवत नाही. पाऊस पडतो, भेगांतून खाली जातो आणि दरीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. त्यामुळे खाली हिरवीगार दरी आणि वर खुरटे ओक, ज्युनिपर, गवत आणि दगड. शेतातले दगड वेचून रचलेल्या, चुना-माती न वापरलेल्या भिंती आणि मेंढपाळांची खोपटी जागोजागी दिसतात. इथल्या मेंढ्या चटकन ओळखू येतात. पांढरे तोंड आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, काळा गॉगल लावल्यासारख्या. हा सगळा प्रदेश ‘कोस द्यु केर्सी’ या प्रादेशिक निसर्ग उद्यानात येतो. त्याला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला.

रंगीत पट्ट्यांचा अर्थ काय?

लांब पल्ल्याच्या वाटांना ‘जीआर’ म्हणतात, त्यांची खूण पांढरी-लाल. एखाद्या प्रदेशाला वळसा घालणाऱ्या अनेक दिवसांच्या वाटांची खूण पिवळी-लाल, तर एका दिवसाच्या स्थानिक वाटांची नुसती पिवळी. दोन पट्ट्यांची फुली दिसली की ती आपली वाट नाही, मागे फिरा. नदीकाठचा कोरलेला तुकडा हा जीआर-३६ या लांब वाटेचा भाग आहे. गोल फेरी मारणाऱ्याला तिथे दोन्ही प्रकारच्या खुणा भेटतात आणि नवखा माणूस नेमका तिथेच गोंधळतो. जीआरच्या मागे गेलात तर ती तुम्हाला परत आणत नाही, पुढच्या जिल्ह्यात नेऊन सोडते.

ही पद्धत १९४७ ची. त्या वर्षी वाटांसाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि लॉर नदीकाठी ओर्लेआं ते बोजांसी हा पहिला टप्पा खुला झाला. आज त्या समितीचे रूपांतर पदभ्रमण महासंघात झाले आहे आणि खुणा केलेल्या वाटांचे जाळे सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटरचे आहे. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन हे काम करतात ते प्रामुख्याने स्वयंसेवक. त्यात निवृत्तांचा भरणा मोठा.

मग हक्काचे काय?

इंग्लंडमध्ये खासगी शेतातूनही जनतेचा चालण्याचा कायदेशीर हक्क असलेल्या वाटा आहेत. फ्रान्समध्ये तसा सरसकट हक्क नाही. तिथे मुख्य आधार आहे तो ‘शमॅं र्‍युराल’ म्हणजे ग्रामीण वाटेचा. आपल्या पाणंदीची आठवण यावी अशी ही वाट, मालकी गावाची आणि वापर सर्वांचा. मात्र ती गावाची खासगी मालमत्ता मानली जाते, त्यामुळे वापरात नाही असे दाखवून गाव ती विकूही शकते. नांगराखाली गेलेल्या, शेजाऱ्याने कुंपणात घेतलेल्या वाटांच्या तक्रारी तिथेही कमी नाहीत.

यावर २२ जुलै १९८३ च्या कायद्याने तोड काढली. प्रत्येक जिल्ह्याने पायवाटांचा आराखडा करायचा. गावाने ठराव करून आपली वाट त्यात घातली, की पर्यायी वाट दिल्याशिवाय ती विकता येत नाही. विकलीच, तर व्यवहार रद्द ठरतो. खासगी जमीन आडवी आली तर मालकाशी करार करावा लागतो. तो करार मालक मोडू शकतो आणि मग अख्खी गोल वाट तुटते. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर सर्किटमधली एक वायर सुटली की दिवा विझतो, तसेच.

म्हणून झाडावरची पिवळी पट्टी ही निव्वळ दिशादर्शक खूण नाही. इथून जाण्यासाठी कुणीतरी आधी विचारले आहे, असा तिचा अर्थ. मोबाइल ॲपवर कुणीतरी टाकलेल्या जीपीएस ट्रॅकला तो अर्थ नसतो. हा फरक पूर्वी फारसा जाणवत नसे, आता खिशाला जाणवतो. २ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याने रानातल्या कुंपणांवर मर्यादा आणली. उंची १.२० मीटरपेक्षा जास्त नको आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटर मोकळे सोडा, म्हणजे वन्यप्राणी ये-जा करू शकतील. नियमात न बसणारी अलीकडची कुंपणे १ जानेवारी २०२७ पर्यंत बदलायची आहेत. पण त्याच कायद्याने, खासगी असल्याची स्पष्ट पाटी असलेल्या रानात शिरणे हा दंडनीय गुन्हा केला. रानडुकराला वाट मोकळी आणि माणसाला दंड, अशी ही तडजोड. त्याच वर्षी आल्प्समधील शार्त्रूझ डोंगररांगेत एका जमीनमालकाने या तरतुदीचा आधार घेऊन वाटा बंद केल्या, तेव्हा गिर्यारोहक रस्त्यावर उतरले.

शिकारीच्या हंगामात काय?

साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो आणि पठारावर रानडुकरांसाठी हाके होतात. डिसेंबर २०२० मध्ये सॅं-सिर्कच्या वरच्या अंगाला, याच दरीतील काल्विन्याक गावात, घराजवळ लाकडे तोडणाऱ्या २५ वर्षांच्या तरुणाला शिकाऱ्याने रानडुक्कर समजून गोळी घातली. त्याच्या मैत्रिणींनी सुरू केलेली याचिका लाखाहून अधिक सह्यांनिशी सिनेटपर्यंत गेली, २०२२ मध्ये अहवालही आला. रविवारी शिकारबंदीची मागणी मात्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केली नाही. त्यामुळे त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी भडक रंगाचे जाकीट घालावे आणि ‘शास आँ कूर’ म्हणजे ‘शिकार सुरू आहे’ ही पाटी दिसली तर पठार सोडून नदीकाठानेच परतावे.

जाणार असाल तर

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकातून काओरला थेट रेल्वे आहे. पुढे दरीतून बस जाते, पण फेऱ्या मोजक्या, वेळापत्रक आधी पाहा. दरड किंवा पुरामुळे कोरलेली वाट बंद नाही ना, हे पर्यटन कार्यालयात विचारा. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा १:२५,००० नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कड्याखाली रेंज मिळेलच असे नाही. खूण पुसलेली किंवा वाट अडवलेली दिसली तर ‘स्युरिकात’ या सरकारी यंत्रणेवर मोबाइलवरूनच तक्रार नोंदवता येते. आपत्कालीन क्रमांक ११२. आणि पाणी सॅं-सिर्कमध्येच भरून घ्या, वर कोसावर ते मिळत नाही.