राणीची बाग शेतकऱ्यानें कशी पाहावी

वाशीच्या बाजारांत माल घेऊन आलेले आमचे पुष्कळ शेतकरी बंधु विक्री आटोपल्यावर उरलेला दिवस मुंबई पाहण्यांत घालवितात. कांहीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंतहि जातात. पण पेंग्विन व वाघ पाहून परततात. झाडांकडे नजर जात नाहीं, आणि शेतकऱ्याच्या उपयोगाची खरी वस्तु तेथें तीच आहे.

१८६२ सालीं उघडलेल्या या बागेचें आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. रोपवाटिकेंत आपण वीतभर रोप पाहतों आणि त्यावरून बांधावर काय लावावयाचें तें ठरवितों. तें रोप पन्नास वर्षांनीं केवढें होईल, हें तेथें दिसत नाहीं. या बागेंत दिसतें. आम्हीं स्वतः विहिरीजवळच्या बांधावर सावलीसाठीं पर्जन्यवृक्षाचीं चार रोपें लावलीं. वीस वर्षांत सावली इतकी पसरली कीं, बांधालगतच्या दहा-बारा ओळींत पीक धरेनासें झालें. शेजाऱ्याच्या रानांतहि तोच प्रकार, व त्यापायीं दोन घरांचें बोलणें बंद झालें. एखादा जुना पर्जन्यवृक्ष अगोदर पावलांनीं मोजला असता, तर ही पाळी येती ना.

म्हणून जातांना वही, पेन्सिल व मोजपट्टी घ्यावी, आणि आपल्या बांधाची रुंदी वहींत लिहूनच निघावें. जें झाड लावण्याचा विचार असेल, त्याच्या बुंध्यापासून फांद्यांच्या टोकापर्यंत चारी बाजूंस पावलें मोजावीं. खालीं गवत वाढतें कीं जमीन उघडी आहे, मुळें वर आलीं आहेत काय, हेंहि पाहावें. पाटीवरचें शास्त्रीय नांव मात्र अवश्य उतरून घ्यावें. पर्जन्यवृक्षास कित्येक ठिकाणीं विलायती शिरीष म्हणतात. नुसतें शिरीष म्हणून रोप मागितल्यास काय हातीं येईल, याचा भरंवसा नाहीं.

एकच जात ओळीनें लावण्याचा धोकाहि याच शहरांत दिसून आला. २०१० नंतरच्या दशकांत मुंबईच्या रस्त्यांवरील पुष्कळ पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या उपद्रवानें वाळले. बांधावर दोन-तीन जाती मिसळाव्या, असें आमचें मत आहे.

आफ्रिकेंतून आलेली गोरखचिंच पाहावी. तिचा जाड बुंधा पाण्याचा सांठा करतो. ब्रह्मदेशची उर्वशी शेतीच्या कामाची नव्हे. परंतु तिचीं लोंबतीं तांबडीं फुलें पाहिल्यावांचून परत येणें आमच्यानें होत नाहीं.

सावली व विस्तार पाहावयाचा तर पावसाळा संपतांच जावें. पानगळ पाहावयाची तर माघ-फाल्गुनांत. दोन्ही वेळां जाणें उत्तम. सकाळीं गर्दी कमी असते, रविवार टाळावा. वाशीहून हार्बर मार्गाच्या गाडीनें कुर्ल्यास यावें, तेथें मध्य रेल्वेची धीमी लोकल धरून भायखळ्यास उतरावें, आणि पूर्वेकडून बाहेर पडावें. बाग चालत जाण्याजोगी आहे. बुधवारीं ती बंद असते. मालाची पट्टी मंगळवारीं उशिरां मिळाली, तर दुसऱ्या दिवशीं तिकडे जाण्यांत अर्थ नाहीं.