तोट्यातलं दुकान विकत घेताना

हैदराबादच्या वस्त्यांमध्ये १९८६ पासून ‘त्रिनेत्र’ नावाची किराणा दुकानं होती. पुढे ही साखळी एका गुंतवणूक निधीने घेतली, २००६ मध्ये तिला बंगळूरच्या ‘फॅबमॉल’ची दुकानं जोडली गेली आणि २००७ च्या सुरुवातीला सगळा पसारा आदित्य बिर्ला समूहाकडे आला. त्याच वर्षी समूहाने पुण्यात ‘मोअर’ सुरू केलं. हैदराबादेत त्रिनेत्रच्या पाट्या उतरल्या आणि तिथेही ‘मोअर’ झळकू लागलं.

पाटी बदलली, पण गल्ल्यातला हिशेब सुधारायला ते पुरलं नाही. समूहाचा हा किराणा व्यवसाय वर्षानुवर्षं तोट्यात राहिला, कर्ज वाढत गेलं आणि २०१८ मध्ये तो समारा कॅपिटल व अ‍ॅमेझॉन यांची भागीदारी असलेल्या कंपनीला विकण्याचं ठरलं. बिर्लांपाशी पैसा होता, माणसं होती, नाव होतं. तरीही हे घडलं, म्हणून गल्लीतलं एखादं मंदावलेलं दुकान घेऊ पाहणाऱ्याने हा इतिहास जरूर डोळ्यांपुढे ठेवावा.

किराण्यात अडचण कुठे असते, हे साध्या आकड्यांत पाहता येतं. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री ५ लाख आहे आणि मालावर १५ टक्के सुटतात. हाती आले ७५ हजार. भाडं ४० हजार, पगार ३० हजार, वीज आणि किरकोळ खर्च १० हजार. म्हणजे ५ हजारांचा तोटा. आता विक्री ६ लाखांवर गेली आणि खर्च तेवढाच राहिला, तर १० हजार उरतात. विक्री तेवढीच ठेवून घरमालकाने भाडं ३० हजारांवर आणलं, तरी ५ हजार सुटतात. तोटा आणि नफा यांच्यातलं अंतर इतकं कमी असतं! म्हणूनच दुकान का बुडतंय याचं कारण नेमकं सापडलं पाहिजे. भाडं जास्त आहे, फळीवर न खपणारा माल पडून आहे, उधारी वसूल होत नाही, की समोर नवं सुपरमार्केट आलंय? पहिल्या तिन्हींवर नवा मालक उपाय करू शकतो. चौथं कारण असेल, तर रंगरंगोटीवर पैसे घालण्याआधी दहादा विचार करावा.

औषधांच्या दुकानांचा अनुभव यापेक्षा अधिक शिकण्यासारखा आहे. २०१४ मध्ये अपोलोने हैदराबादच्या हेटेरो समूहाची तेलंगण, आंध्र आणि तमिळनाडूतली ३२० औषध दुकानं १४६ कोटी रुपयांना घेण्याचं जाहीर केलं. दुकानामागे सरासरी सुमारे साडेपंचेचाळीस लाख. या खरेदीनंतर अपोलोने एक शहाणपणाची गोष्ट केली: हेटेरोची दुकानं जुन्या दुकानांच्या आकड्यांत मिसळून टाकली नाहीत. ही कंपनी आपली दुकानं ज्या वर्षी उघडली त्यानुसार गट करून त्यांचा नफा दाखवत असे, त्यामुळे मुरलेलं दुकान किती कमावतं आणि नवं किती, हे स्पष्ट दिसायचं. विकत घेतलेल्या दुकानांचा हिशेबही वेगळा दिसला. सरासरीच्या आड दुखणं लपलं नाही.

औषध दुकानात गिऱ्हाईक परत येणं बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर ठरतं: सगळी औषधं तिथे मिळतात का. चिठ्ठीवरच्या पाच औषधांपैकी एक नसेल, तर माणूस पाचही दुसरीकडे घेतो आणि पुढच्या महिन्यात थेट तिकडेच जातो.

दुसरं टोक ‘हेरिटेज फ्रेश’चं. हैदराबादच्या हेरिटेज फूड्सने दूधधंद्याच्या जोडीला किराणा दुकानं काढली, पण ती फायद्यात येईनात. नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबाद, बंगळूर आणि चेन्नईतली १२४ दुकानं फ्यूचर रिटेलकडे देण्याचा सौदा जाहीर झाला. मोबदला रोख नव्हता, फ्यूचर रिटेलचे ३.६५ टक्के शेअर होते. पुढे घेणारी कंपनीच कर्जात बुडाली, २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्या शेअरचा भाव कोसळला. आजारी दुकान घेणाऱ्याची स्वतःची तब्येत कशी आहे, हे विकणाऱ्यानेही तपासायला हवं.

छोट्या खरेदीदाराने मालकाच्या तोंडी आकड्यांवर विसंबू नये. वर्ष-दोन वर्षांची खरेदी बिलं आणि जीएसटी विवरणपत्रं शेजारी ठेवून पाहावीत. माल हैदराबादच्या बेगम बाजारातून येत असेल, तर तिथल्या ठोक व्यापाऱ्यांकडे जाऊन किती देणं थकलंय ते विचारावं. दुकानाची खरी प्रकृती तिथे लवकर कळते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात दुकानात उभं राहून गर्दी पाहावी. भाडेकरार नव्या नावाने आणि किती वर्षांसाठी होणार, हे घरमालकाशी आधी बोलून घ्यावं, कारण विकणारा फार तर शब्द टाकू शकतो.

परवाने तर दुकानाबरोबर आपोआप येतच नाहीत. खाद्यपदार्थांचा परवाना आणि औषध विक्रीचा परवाना यांसाठी नव्या मालकाला नव्याने अर्ज करावा लागतो, औषध दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्टही हवा. करांची जबाबदारी मात्र मागे लागते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार धंदा हस्तांतरित होण्याआधीचा थकलेला कर, व्याज आणि दंड यांना विकणारा व घेणारा दोघेही जबाबदार धरले जातात. म्हणून सौद्याची पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नये. विवरणपत्रं आणि थकबाकी तपासून होईपर्यंत काही भाग राखून ठेवण्याची अट करारात लिहून घ्यावी.