मायदेशची रजा : कऱ्हाटी व परिसरातील मिशनरी शिक्षिकांच्या जीवनाची एक बाजू

कऱ्हा नदी नीरेस मिळते त्या बाजूच्या बारामती-इंदापूरच्या मुलखास या लेखात कऱ्हाटी म्हटले आहे. मोरोपंतांचे वास्तव्य बारामतीस होते आणि मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीच्या सुधारित पद्धतीचा आरंभ 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाला, या दोन गोष्टी अभ्यासकांस परिचित आहेत. त्या मानाने कमी परिचित असलेली गोष्ट अशी की, या अवर्षणग्रस्त पट्ट्यात व त्याच्या शेजारी परदेशांतून आलेल्या ख्रिस्ती शिक्षिकांनी दीर्घकाळ अध्यापन केले. उत्तरेस अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशन होते; पश्चिमेस पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन उभे राहिले; आणि खुद्द बारामतीस विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' या मंडळ्यांच्या मिशनने आपले केंद्र स्थापिले.

या मिशनांच्या शाळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. धर्मांतराविषयी त्याहून अधिक. परंतु या स्त्रियांच्या जीवनक्रमास जिने आकार दिला ती 'फर्लो', म्हणजे ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी जाण्याची दीर्घ रजा, क्वचितच विचारात घेतली जाते. ती केवळ विश्रांतीची सोय नव्हती. शिक्षिका दूर गेली म्हणजे शाळा वस्तुतः कोणाच्या आधारावर चालते, हे त्या काळात उघड होत असे.

मूळ शब्द लष्करी व सरकारी नोकरीतला. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांस ही रजा मिळे, आणि मराठी कचेऱ्यांतही 'फर्लो' हाच शब्द रूढ झाला. मिशन-मंडळांनी तो तेथूनच घेतला असे म्हणावयास हरकत नाही. मात्र प्रारंभीच्या मिशनऱ्यांच्या बाबतीत अशी रजा नियमित नव्हती. परदेशी जाणे हे जन्मभरासाठीच, अशी समजूत होती, आणि प्रवासाची साधने त्या समजुतीस दुजोराच देत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून शिडाच्या जहाजाने येण्यास कित्येक महिने लागत. मार्गारेट विल्सन या स्कॉटिश शिक्षिका 1829 मध्ये मुंबईस आल्या, त्यांनी मुलींसाठी शाळा उघडल्या आणि 1835 मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. मायदेश त्यांस पुन्हा दिसला नाही. त्यांचे पती डॉ. जॉन विल्सन यांनी पहिली रजा घेतली ती 1843 मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. 1869 मध्ये सुवेझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई-इंग्लंड हे अंतर आगबोटीने सुमारे तीन आठवड्यांवर आले. त्यानंतरच सात ते दहा वर्षे सेवा आणि मग वर्ष-दीड वर्ष रजा, असा सर्वसाधारण क्रम बसू शकला.

या दोन कालखंडांतील फरक ध्यानी येण्यास सिंथिया फॅरार यांचे चरित्र उपयुक्त ठरते. न्यू हॅम्पशायर प्रांतातील या शिक्षिका 1827 च्या जूनमध्ये बोस्टन बंदरातून निघाल्या व त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईस पोहोचल्या. अमेरिकन बोर्डाने समुद्रापार पाठविलेल्या आरंभीच्या अविवाहित स्त्रियांत त्यांची गणना होते. दहा वर्षांच्या कामानंतर प्रकृती ढासळल्यामुळे 1837 मध्ये त्यांस अमेरिकेस परतावे लागले. 1839 मध्ये त्या पुन्हा आल्या आणि पुढे अहमदनगरच्या मुलींच्या शाळा त्यांनी हाती घेतल्या. 1862 मध्ये त्यांचे निधन झाले तेही नगर येथेच. चौतीस वर्षांत मायदेशची भेट एकदाच, आणि तीही आजारपणामुळे घडली. जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यासमवेत नगरास गेले असता त्यांनी फॅरारबाईंच्या शाळा पाहिल्या आणि त्यांस तेथील काम आदर्शवत वाटले, हे प्रसिद्धच आहे. स्त्रीशिक्षणाच्या महाराष्ट्रीय इतिहासातील हा महत्त्वाचा दुवा. ज्या बाईंच्या हाती तो होता त्या 1839 मध्ये परतल्या नसत्या, तर नगरच्या शाळांस फुल्यांनी पाहिले ते रूप त्यांच्या हातून लाभले नसते.

1868 मध्ये बोस्टन येथे स्त्रियांचे स्वतंत्र मिशन-मंडळ स्थापन झाले, अशीच मंडळे अन्यत्रही निघाली, आणि अविवाहित शिक्षिकांच्या वेतनाची, प्रवासखर्चाची व रजेची व्यवस्था अधिक पद्धतशीर झाली. या व्यवस्थेबरोबर रजेचे स्वरूपही पालटले. मायदेशी आलेल्या शिक्षिकेने प्रथम काही काळ विश्रांती घ्यावी, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि मग गावोगावच्या मंडळ्यांतून व्याख्याने द्यावीत, असा प्रघात पडला. दूरच्या शाळेचा खर्च ज्या लहानमोठ्या वर्गण्यांतून भागत असे, त्या देणाऱ्यांसमोर शाळेचे चित्र उभे करणे हे तिचे कर्तव्यच मानले जाई. जादूच्या कंदिलावरील चित्रे आणि लुगडे नेसण्याचे प्रात्यक्षिक ही अशा सभांची नेहमीची सामग्री होती. अशा सभांत दुष्काळ, बालविवाह व वैधव्य यांची वर्णने अधिक परिणामकारक ठरत. पावसाळ्यातील हिरवी शेते, घरोघरच्या ओव्या किंवा विद्यार्थिनींचा खोडकरपणा यांस वर्गणी मिळत नसे. परदेशांत महाराष्ट्राचे जे एकांगी चित्र पसरले त्याचे एक कारण रजेच्या या आर्थिक बाजूत शोधता येते.

वैयक्तिक बाजूने पाहिले असता मायदेश-भेट ही बहुधा दुहेरी परकेपणाची जाणीव देणारी असे. आठ-दहा वर्षांत आईबापांपैकी कोणी निवर्तलेले असे, भावंडांचे संसार वाढलेले असत, पोशाखाची व बोलण्याची तऱ्हा बदललेली असे. विवाहित मिशनऱ्यांची मुले शिक्षणासाठी मायदेशी ठेवण्याची रीत होती. त्यांस आईबापांची भेट रजेपुरतीच घडे. मसुरीची वुडस्टॉक (1854) व कोडाईकॅनालची शाळा (1901) यांमुळे हा वियोग पुढे पुष्कळ सौम्य झाला. उलटपक्षी, नगर जिल्ह्यातील वडाळा येथे ज्यांच्या एकाहून अधिक पिढ्यांनी काम केले त्या फेअरबँक कुटुंबासारख्या घराण्यांत मायदेश कोणता म्हणावा, असाच प्रश्न पडावा. हिंदुस्थानात जन्मून मराठी ऐकत वाढलेल्या मुलास अमेरिकेची 'घरी'ची भेट हा परदेशप्रवासच होता.

बारामतीच्या ऑस्ट्रेलियन शिक्षिकांची परिस्थिती काहीशी निराळी होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दौंड-बारामती हा अरुंद लोहमार्ग सुरू झाल्यावर गावातूनच गाडीत बसून दौंडमार्गे मुंबई गाठता येऊ लागली. पुढे कोलंबोवरून फ्रीमँटलचा जलमार्ग होता. कऱ्हाटीतील वैशाखवणव्यात निघालेली बाई दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात उतरे. परंतु मागे राहिलेल्या मुलांच्या दृष्टीने अंतर कमी-अधिक असण्यास फारसा अर्थ नव्हता.

या मुलांचा विचार केल्याशिवाय रजेचा विचार पुरा होत नाही. 1876-78, 1896-97 व 1899-1900 या दुष्काळांनी दख्खनच्या पूर्वपट्ट्यात हाहाकार केला. नीरेचा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला तरी त्याचे पाणी सर्व गावांस पोहोचणारे नव्हते. अशा काळात शिक्षिका या अन्नवाटप करणाऱ्या व आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या झाल्या, आणि दिवसाच्या शाळांना अनाथांच्या वसतिगृहांची जोड मिळाली. वसतिगृहातील मुलास शिक्षिका ही केवळ धडे देणारी नसते. जेवूखाऊ घालणारी व निजवणारीही तीच असते. आईबाप दुष्काळात गमावलेल्या मुलापासून तीच बाई वर्ष-दीड वर्षासाठी दूर जाते, तेव्हा तो वियोग त्या मुलास रजेच्या नियमांनी समजावून सांगता येत नाही. ज्या शाळेत दुसरे ओळखीचे माणूस होते तेथे मूल सावरे. जेथे नव्हते तेथे वर्षांची मेहनत वाया जाण्याचा संभव असे.

केडगावचे उदाहरण येथे विशेष बोधप्रद आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडास गेल्या, चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, आणि 1886 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे 1887 मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या नियोजित शाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले, आणि परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. परदेशी शिक्षिकांचा क्रम येथे उलटलेला दिसतो. त्यांचे कार्यक्षेत्र परदेशी व आधार मायदेशी असे. रमाबाईंचे कार्यक्षेत्र मायदेशी, तर आर्थिक आधाराचा मोठा भाग परदेशी होता. दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा 1898 मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या. दुष्काळातून आणलेल्या मुलींनी केडगाव तेव्हा भरलेले होते. त्यांच्या अनुपस्थितीत काम पाहिले ते सुंदराबाई पवार या महाराष्ट्रीय स्त्रीने व मिनी एब्रम्स या अमेरिकन शिक्षिकेने. संस्था मोडली नाही. उलट 1900 च्या दुष्काळानंतर ती आणखी वाढली.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो कऱ्हाटीतील लहान शाळांसही लागू पडतो. मिशनच्या वार्षिक वृत्तांतांत परदेशी बाईचे आगमन व प्रस्थान ठळकपणे नोंदले जाई. तिच्या गैरहजेरीत वर्ग घेणारे मराठी पंतोजी, मुलींस शिवण शिकविणाऱ्या ख्रिस्ती विधवा, वसतिगृहाची किल्ली सांभाळणारी आत्याबाई यांचा उल्लेख बहुधा 'स्थानिक साहाय्यक' एवढ्याच शब्दांत येई. त्यांस रजेची तरतूद नव्हती, मायदेशही नव्हता. गाव हेच त्यांचे घर आणि कामाचे ठिकाण होते. वेतनातील अंतरही फार मोठे असे. तरीही दर सात-आठ वर्षांनी येणाऱ्या त्या वर्ष-दीड वर्षात शाळा त्यांच्याच बळावर चालली.

1947 नंतर परदेशी शिक्षिकांची संख्या घटत गेली आणि संस्थांचा कारभार क्रमाक्रमाने भारतीयांकडे आला. 1970 मध्ये नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली, ती याच स्थित्यंतराची एक मोठी पायरी होय. अनेक शिक्षिका अखेरची रजा घेऊन गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या शाळांपैकी काही बंद पडल्या, काही आजही चालू आहेत. ज्या टिकल्या त्यांच्या टिकण्याचा उलगडा करावयाचा तर शेवटच्या परदेशी मुख्याध्यापिकेच्या निरोपसमारंभाचा वृत्तांत पुरेसा नाही. तिच्या आधीच्या प्रत्येक रजेच्या वर्षी हजेरीपत्रकावर कोणाची सही होती, हे शाळाशाळांतून पाहिले पाहिजे.