तार तुटली तरी काम चालू

ढोकी म्हटलं की तेरणा साखर कारखाना आठवतो, फार तर शेजारचं तेर. सर्व्हर कुणाला आठवत नाही. पण घरी बसून मुंबईतल्या यंत्रावर काम करणारी पोरं आता अशा गावांतही नवलाईची राहिलेली नाहीत. ॲमेझॉनने 2016 साली मुंबईत क्लाऊड सेवा सुरू केल्यापासून ते यंत्र तसं जवळच आहे. गाडं अडतं ते दुसरीकडे. लाईट जाते, राउटर मरतो, मोबाईलचं हॉटस्पॉट लावावं लागतं आणि तासाभरापासून चाललेली डेटाबेसची आयात अर्ध्यावर लटकते. दूरच्या सर्व्हरवरच्या कामाविषयी लिहिणारे सगळा भर सुरक्षेवर देतात. गावाकडून पाहिलं तर निम्मं दुखणं लाईन तुटण्याचं आहे, आणि त्यावरचा इलाज जुनाच आहे.

विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत इंटरनेट खुलं केलं. त्यातलं स्वस्त खातं म्हणजे शेल अकाउंट. मोडेमने फोन लावायचा, काळ्या पडद्यावर लॉगिन करायचं, पाइनमध्ये ईमेल वाचायचा, लिंक्समध्ये चित्रांविना वेब. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या हौशी मंडळींचं इंटरनेट हे मुळात दुसऱ्याच्या यंत्रावरचं टर्मिनलच होतं.

त्याच्या महिनाभर आधी, जुलैमध्ये, हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठातल्या तातू युलोनेनने एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करायचं साधन, जगाला दिलं. त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपत होतं. टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवायचं, त्यामुळे टिपणं सोपं. एफटीपीचा पोर्ट 21, टेलनेटचा 23. मधला 22 मोकळा होता, तो त्याने मागून घेतला. आज बहुतेक सर्व्हरांवर दिसतं ते ओपनएसएसएच, 1999 साली ओपनबीएसडीच्या मंडळींनी काढलेलं.

नव्या सर्व्हरला पहिल्यांदा जोडलं की पडद्यावर अक्षरांची एक लांबलचक माळ येते आणि पुढे जायचं का, असं विचारलं जातं. सगळे न वाचता ‘येस’ दाबतात. ती माळ म्हणजे सर्व्हरच्या किल्लीचा ठसा. मधे कुणी तोतया उभा नाही ना, हे तपासायची जागा तीच. ठसा सर्व्हर उभारणाऱ्याकडून आधी मागून घ्यावा आणि पूर्ण जुळवावा. दुसरी गोष्ट, पासवर्डाने लॉगिन बंदच करावं. ईडी25519 जातीची किल्ल्यांची जोडी करायची. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर, खाजगी आपल्या लॅपटॉपवर, तीही पासफ्रेझ लावून. खाजगी किल्ली व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांना काय सांगावं!

आता तुटण्याचं. जोडणी गेली की त्या खिडकीत चाललेला कार्यक्रमही सहसा मरतो. ‘स्क्रीन’ हे साधन 1987 पासून आणि ‘टीमक्स’ 2007 पासून नेमकी हीच गाठ सोडवतात: सत्र तुमच्या लॅपटॉपवर नव्हे, सर्व्हरवर राहतं. टीमक्समध्ये कंट्रोल-बी दाबून सोडायचं, मग डी; सत्र मागे चालू ठेवून तुम्ही मोकळे. लाईट अचानक गेली तर एवढंही दाबायची गरज नाही. नंतर ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं की आयात जिथवर पोचली असेल तिथे तुम्ही हजर. सर्व्हरच रीबूट झाला तर मात्र सत्र संपलं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

एमआयटीत तयार झालेला ‘मॉश’ (2012) वायफायवरून हॉटस्पॉटवर उडी मारली तरी जोडणी सांभाळतो. त्याला यूडीपीचे पोर्ट उघडे लागतात आणि कंपन्यांचे नेटवर्कवाले तिथेच नाक मुरडतात.

पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकाकडे संशोधक एसएसएचनेच जातात. तिथे मात्र लॉगिनच्या यंत्रावर टीमक्स उघडून जड गणित लावणं हा आगाऊपणा. काम स्लर्म या कामं वाटणाऱ्या प्रणालीच्या रांगेत टाकायचं आणि खुशाल बाहेर पडायचं.

किल्ल्या नीट ठेवल्या तरी कुलूपच फितूर निघू शकतं. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. खोदत गेल्यावर एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत कुणीतरी पेरलेलं चोरदार सापडलं. लिनक्सच्या बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोचायच्या आत पकडलं गेलं.