कांती आणि वर्ण : त्वचेविषयीचे मराठी शब्द आणि त्यांतून दिसणारे आचार

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेला शाहूवाडी तालुका सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील मोकळ्या खोऱ्यांपर्यंत पसरलेला आहे. आंबा आणि विशाळगड यांच्या परिसरात पावसाळ्यात संततधार लागते. मलकापूरवरून बांबवड्याकडे यावे तसतसा पाऊस उणावत जातो. भाताच्या लावणीच्या दिवसांत येथील शेतकऱ्याचे पाय तासन्‌तास चिखलात असतात, हिवाळ्यात डोंगरावरचा कोरडा वारा अंगाला झोंबतो आणि सुगी संपली की उन्हाचा ताप सुरू होतो. पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींचा मारा एकाच वर्षात सोसणाऱ्या अशा प्रदेशात त्वचा निरोगी कशी राखावी, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. तो रोजच्या जगण्याचा प्रश्न होतो. त्याची उत्तरे लोकांच्या आचारांत जशी सापडतात, तशीच ती त्यांच्या शब्दांतही सापडतात. हे शब्द बहुतेक सर्व मराठीचे सामाईक धन आहे. तेलाला ‘त्याल’ आणि शेताला ‘श्यात’ म्हणणाऱ्या या भागाच्या बोलीत त्यांचा उच्चार तेवढा पालटतो. या शब्दांचा अर्थदृष्ट्या विचार केला असता त्वचारक्षणाचे एक सुसंगत ज्ञान त्यांत साठलेले दिसते, आणि त्या ज्ञानाची आज कोठे फारकत होत आहे हेही स्पष्ट होते.

प्रथम त्वचेच्या बिघाडाचे शब्द पाहू. ‘उलणे’ हे क्रियापद थंडीने तडकणाऱ्या ओठांना लावतात आणि भेगाळणाऱ्या जमिनीलाही लावतात. ‘भेग’ हा शब्द टाचेला आणि भुईला सारखाच चालतो. ‘रापणे’ हे उन्हावाऱ्याने काळवंडलेल्या चेहऱ्याविषयी बोलताना वापरतात, आणि नांगरून उन्हात उघडी टाकलेली जमीनही रापते. ‘सुरकुतणे’ ओल गेलेल्या फळाचे असते, तसेच उतारवयातील चेहऱ्याचे. शेतकऱ्याने आपल्या कातडीकडे जमिनीच्या आणि पिकाच्या उपमेने पाहिले, एवढाच याचा अर्थ नव्हे. या प्रत्येक क्रियापदात बिघाडाचे कारण गृहीत धरलेले आहे. उलण्याला कोरडेपणा लागतो, रापण्याला ऊन लागते, सुरकुतण्याला ओलावा जावा लागतो. नामांचीही तीच तऱ्हा आहे. ‘घामोळे’ या शब्दात घाम आहे. भातलावणीच्या काळात पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या जखमांना ‘चिखल्या’ म्हणतात, त्यात चिखल आहे. हा शब्द बहुधा अनेकवचनीच वापरला जातो, कारण हा विकार एकाच बेचक्यापुरता क्वचितच राहतो.

ही कारणमीमांसा आजच्या त्वचाविज्ञानाशी बरीचशी जुळते. बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा बनलेला असून त्या पेशींमधील फटी स्निग्ध द्रव्यांनी बुजलेल्या असतात. विटा आणि चुना यांच्या भिंतीची उपमा या रचनेला नेहमी दिली जाते. या भिंतीमुळे शरीरातील पाणी बाहेर उडून जात नाही. थर खालून सतत नवा होत असतो, आणि निरोगी तरुण माणसात या नूतनीकरणास साधारणपणे ४ आठवडे लागतात. वय वाढते तसा हा वेग मंदावतो. हवा कोरडी झाली किंवा तीव्र साबणाने चुना धुऊन निघाला, की पेशींतील पाणी घटते, थर ताठर होतो आणि हालचालीच्या ताणाने तडकतो. हेच उलणे होय. उलट, हा थर फार काळ पाण्यात राहिला तर तो फुगतो, पांढरा पडतो आणि सोलवटतो. मग त्यातून बुरशीला व जंतूंना वाट मिळते. चिखल्यांचे मूळ येथे आहे. म्हणून लावणीहून परतल्यावर पाय स्वच्छ धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे आणि रात्री पाय कोरडे ठेवणे हा साधा आचार औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आता रक्षणाचे शब्द पाहू. मराठीत लहान मुलास ‘न्हाऊ-माखू’ घालतात. यातील ‘न्हाणे’ हे संस्कृत ‘स्ना’ या धातूपासून प्राकृत ‘ण्हा’च्या द्वारे आलेले आहे. ‘माखणे’ हे ‘म्रक्ष्’ म्हणजे चोपडणे या धातूपासून, प्राकृत ‘मक्ख’च्या द्वारे आलेले आहे. प्रत्यक्षात तेल आधी लागते आणि पाणी नंतर. जोडशब्दात मात्र क्रम उलटा झाला आहे. तथापि महत्त्वाची गोष्ट ही, की भाषेने या दोन क्रिया एकमेकींपासून तोडलेल्या नाहीत. तेलाविना न्हाणे हे अपुरे न्हाणे, अशी ही समजूत आहे. ‘उटणे’ हा शब्द ‘उद्वर्तन’ यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ अंग चोळणे असा आहे. चोळण्याच्या चूर्णाला ते नाव पुढे मिळाले. ‘स्नेह’ हा शब्द तर तेल आणि माया या दोन्ही अर्थांनी चालतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग नित्य करावा असे सांगून तो जरा आणि श्रम दूर करतो असे म्हटले आहे, आणि मस्तक, कान व पाय यांना तो विशेषेकरून करावा असा निर्देश आहे. दिवाळीतील अभ्यंगस्नानाचा काळही लक्षणीय आहे. पाऊस सरून हवा कोरडी होऊ लागते, नेमक्या त्याच सुमारास ते येते. अंग उलण्यापूर्वीच त्याला तेल लावण्याची आठवण पंचांग करून देते.

येथे परंपरेचे अंधानुकरण मात्र उपयोगाचे नाही. स्नानापूर्वी लावलेले तेल पूर्वी डाळीच्या पिठाने किंवा सौम्य उटण्याने काढले जाई, त्यामुळे त्याचा काही अंश अंगावर राही. आजचा साबण तो बहुतेक धुऊन टाकतो. यास्तव साबण वापरणाऱ्याने स्नानानंतर अंग टिपून, त्वचा किंचित ओलसर असतानाच तेल किंवा साधे मलम लावणे अधिक फलदायी होते. पाणी कोमट असावे. कढत पाण्याने त्वचेतील स्निग्धता निघून जाते. तेलही कोणतेही चालते असे नाही. खोबरेल तेलाचा कोरड्या त्वचेला उपयोग होतो, तर ऑलिव्हच्या तेलाने निरोगी प्रौढांच्या त्वचेचाही बाह्य थर दुबळा होतो असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आढळले. घाट उतरताच कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल टाचांच्या भेगांत भरतात. त्यातील स्निग्धाम्ले त्वचेवर टिकाव धरणारी असल्याने हा उपचार सयुक्तिक आहे. वज्रीने टाचा घासणे ठीक असले, तरी उटण्याने चेहरा रगडणे किंवा त्यावर लिंबू चोळून उन्हात जाणे अपायकारक होय. लिंबाच्या रसातील काही द्रव्ये उन्हाच्या संयोगाने त्वचा भाजतात आणि मागे काळे डाग ठेवतात.

तथापि त्वचेला अकाली वृद्ध करणारे सर्वांत प्रबळ कारण कोरडेपणा हे नसून ऊन हे आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी लांब लहरींचे किरण अंतस्त्वचेपर्यंत पोचतात, आणि तेथील कोलॅजन या आधारतंतूंची मोडतोड करणारी द्रव्ये पेशींत निर्माण करतात. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षे वयाच्या एका अमेरिकन ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याने २८ वर्षे रस्त्यावर वाहन चालविले होते. खिडकीकडील डाव्या गालावर खोल सुरकुत्या पडल्या होत्या, आणि उजवा गाल त्या मानाने कितीतरी तरुण होता. वय एकच, शरीर एकच. फरक होता तो उन्हाचा. ऑस्ट्रेलियातील ९०३ प्रौढांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. साडेचार वर्षे रोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांत त्वचेच्या वार्धक्याचे प्रमाण इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. या दृष्टीने पाहता डोईवरचा पदर, पटका, लांब बाह्यांचा सदरा आणि भर दुपारी झाडाखाली घेतलेला विसावा हे सर्व त्वचारक्षणाचेच आचार आहेत. तंबाखूचा धूर टाळणे, पुरेशी झोप आणि भाजीपाल्याचा आहार यांची जोड त्यांना हवी. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा आकसतो आणि सुरकुत्या लवकर पडतात, हे सर्वमान्य आहे.

येथवरचे शब्द बिघाडाचे आणि रक्षणाचे झाले. तरुण, निरोगी त्वचेच्या गौरवाचे शब्द तपासले असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. ‘नितळ’ हे विशेषण मुळात पाण्याचे आहे, ‘टवटवीत’ फुलाचे, ‘तुकतुकीत’ कोवळ्या पानाचे किंवा तेल लावलेल्या पृष्ठभागाचे. ‘तजेला’, ‘सतेज’ आणि ‘कांती’ यांत प्रकाशाची कल्पना आहे. यांपैकी एकाही शब्दात रंगाचा निर्देश नाही. ‘काळा तुकतुकीत’ हा शब्दप्रयोग मराठीत सहज होतो, आणि ‘गोरा पण निस्तेज’ असेही कोणी म्हणू शकतो. याचा अर्थ, ‘गोरा’, ‘सावळा’, ‘गव्हाळ’ हे शब्द एका अर्थक्षेत्रातले आणि ‘तुकतुकीत’, ‘निस्तेज’ हे दुसऱ्या. ही क्षेत्रे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. प्राचीन वैद्यकालाही हा भेद ठाऊक होता. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात वर्ण, छाया आणि प्रभा यांचा पृथक् विचार आहे. छाया वर्णाला झाकते आणि प्रभा त्याला उजळून दाखविते, असे तेथे प्रतिपादन केले आहे. भौतिक दृष्टीनेही हे खरे आहे. बाह्य थर ओलसर व सपाट असला म्हणजे त्यावरून प्रकाश एकसारखा परावर्तित होतो. तो कोरडा व खवल्यांचा झाला म्हणजे प्रकाश विखुरतो आणि चेहरा निस्तेज दिसतो. कांती ही अशी ओलाव्याची व आरोग्याची खूण आहे. वर्ण हा मेलॅनिन या रंजकद्रव्यावर अवलंबून असतो.

मात्र या दोन क्षेत्रांच्या सीमेवर एक शब्द उभा आहे, तो म्हणजे ‘उजळ’. ‘उज्ज्वल’ यापासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ प्रकाशमान असा आहे. परंतु ‘उजळ वर्णाची मुलगी’ या प्रयोगात तो गोरेपणाचा पर्याय बनतो. विवाहविषयक जाहिरातींनी आणि पुढे प्रसाधनांच्या जाहिरातींनी नेमका हाच शब्द हेरला. तेज हवे असणाऱ्यास गोरेपण विकावयाचे, तर दोहोंना सामावणारा शब्द हाताशी लागतो. १९७५ पासून भारतात ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मलमाचे २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ असे नामांतर झाले. गोरेपणाचा शब्द जाऊन तेजाचा शब्द आला. वर्णाच्या क्षेत्रातून कांतीच्या क्षेत्रात नाव हलविण्याचे हे उदाहरण अर्थविचाराच्या कोणत्याही अभ्यासकाने टिपून ठेवावे असे आहे.

हा घोटाळा शब्दांपुरताच राहिला असता तर त्याची एवढी चिंता नव्हती. गोरेपणाच्या नावाखाली बाजारात येणाऱ्या काही बेनामी मलमांत पारा असतो. पारा मेलॅनिनची निर्मिती रोखतो, म्हणून काही आठवड्यांत रंग फिका दिसतो. पण तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. अकोला येथील एका कुटुंबातील तिघींना अशा मलमामुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याची वार्ता २०२३ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाली होती. केरळातही २०२१ ते २०२३ या काळात अशा रुग्णांची नोंद झाली. भारताच्या २०२० च्या प्रसाधन-नियमांनी प्रसाधनांत पारा घालण्यास बंदी केलेली आहे. दुसरा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. चेहऱ्यावर ती दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुमांनी भरते, आणि मलम सोडताच वांग पूर्वीहून गडद होऊ शकतो. २०१८ मध्ये शासनाने अशा १४ औषधांची विक्री वैद्याच्या चिठ्ठीवाचून होऊ नये असा निर्बंध घातला.

यातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. मेलॅनिन अतिनील किरण शोषून घेते. सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा पडतात त्या त्यामुळेच. हे संरक्षण संपूर्ण नसते, म्हणून सावळ्या माणसालाही सावली हवीच. पण जे द्रव्य त्वचेचे तारुण्य राखते, तेच काढून टाकण्यासाठी पैसा खर्च करावयाचा, आणि तोही तरुण दिसण्याच्या आशेने, हा व्यवहार उलटा आहे. कांती राखण्याचे उपाय स्वस्त आहेत आणि त्यांची नावे शाहूवाडीतील कोणत्याही घरात ठाऊक आहेत : तेल, कोमट पाणी, पदर, सावली, कोरडे पाय, पुरेशी झोप. तालुक्यातील शाळांतून आरोग्याचा पाठ देताना शिक्षकाने मुलींना ‘उजळ’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करून सांगितले, आणि नाव-पत्ता नसलेली डबी चेहऱ्याला लावू नये एवढे बजावले, तर भाषाशिक्षण आणि आरोग्यशिक्षण ही दोन्ही कामे एकाच तासात होतील.