उद्वाहनाखालील तैल-बफर व त्याची तपासणी

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत तीन-चार मजली इमारतींच्या जागी उत्तुंग इमारती आल्या आणि उद्वाहनांचा वेग वाढला. (‘उद्वाहन’ हा शब्द २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या नावातच आहे, रहिवासी मात्र ‘लिफ्ट’च म्हणतात.) मंद उद्वाहनाखाली स्प्रिंग पुरते, वेगवान उद्वाहनास तैल-बफर लागतो. त्यात दट्ट्या दबताच तेल क्रमाने मिटत जाणाऱ्या छिद्रांतून रेटले जाते व आघाताची ऊर्जा उष्णतेत विरते. सेकंदाला १.७५ मीटर वेगासाठी दट्ट्याची धाव सुमारे २१ सेंटिमीटर असावी लागते. दोर तुटून कोसळणारी पेटी बफर झेलतो, हा समज मात्र चुकीचा होय. ते कार्य वेगनियंत्रक व पकड-यंत्रणेचे. तळमजला ओलांडून खाली उतरलेल्या पेटीपुरताच बफर असतो.

असा प्रसंग वर्षानुवर्षे येत नाही, म्हणूनच त्याचा दोष दडून राहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पावसात उद्वाहनाच्या खड्ड्यात पाणी साचले, तर दट्ट्या गंजतो, तेलात पाणी मिसळते. आणि खाली अडकून बसलेला दट्ट्या म्हणजे केवळ लोखंडी खुंटच. म्हणून पावसाळ्यानंतर तेलाची पातळी, गळती, गंज व पायाचे बोल्ट पाहावेत. दट्ट्या पूर्ण दाबून सोडल्यावर, युरोपीय मानकानुसार, १२० सेकंदांच्या आत पूर्ववत वर यावा. तोवर उद्वाहन सुरू होऊ न देणारा विद्युत-स्विचही तपासावा. दोर कालांतराने ताणले जातात, त्यामुळे प्रतिभार व त्याचा बफर यांतील अंतर घटते. तेही प्रत्येक खेपेस मोजणे अगत्याचे आहे.