भाजकातली माणसं

रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं नुसतं बसवायचं असतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात आधारावर, बोलणं बंद. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या आसपासच्या वाडीवर या पाच मिनिटांइतकं अवघड दुसरं काही नाही. बाई आल्याच्या रानातून नुकती आलेली असते, तव्यावर भाकरी असते, दारात कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत असतं. "मोजा की बिगीनं," म्हणत ती उभ्याउभ्याच हात पुढं करते. तिला बसवायचं, गप्प ठेवायचं आणि मगच दंडाला पट्टा आवळायचा. आशाताई आणि उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम यांच्या मागं हिंडत मी हे काम पाहिलं. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतक्या लहान वस्तीत गाव कळलं की माणूस कळतो, आणि लोकांनी ही माहिती दवाखान्यासाठी दिली आहे, छापण्यासाठी नाही.

आजारांचे मोठे आकडे आपण पेपरात वाचतो. आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांहून जास्त लोक तपासून देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज त्यातून निघाला, आणि वीस वर्षांवरच्या ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब जास्त आढळला. मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या संस्थेनं केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मात्र हेच प्रमाण बायकांत २१ आणि पुरुषांत २४ टक्के निघालं. यातला एक खरा आणि दुसरा खोटा असं नाही. कुटुंब सर्वेक्षणात पंधरा वर्षांपासूनची मुलं-मुली धरली आहेत, त्यामुळं टक्का उतरतो. शिवाय माणसं निवडण्याची आणि मोजण्याची रीत वेगळी. आकडा किती, याआधी तो कुणाचा, हे विचारावं लागतं.

अशा सर्वेक्षणांत काही घरं निवडतात आणि त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. वाडीवरच्या कामात निवड नाही. तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा. सगळे त्याला 'सी-बॅक' म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्यातली शारीरिक हालचाल आणि घरात कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयविकार आहे का, यांना गुण द्यायचे. बेरीज चाराच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीत आधी घ्यायचं. चाराच्या आत असला तरी तपासणी चुकत नाही. एका फॉर्ममागं आशाताईला दहा रुपये मिळतात. त्या दहा रुपयांत काय काय बसतं ते पाहिल्यावर हा दर मला लाजिरवाणा वाटला.

पहिलंच कलम वयाचं, आणि तिथंच काम अडतं. आधार कार्डावर बऱ्याच म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी असते. शाळेचं तोंड पाहिलेल्यांची १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. आशाताई कार्ड बाजूला ठेवते आणि विचारते, "आत्या, कोयनेचा भूकंप आठवतोय का?"

"मी पाळन्यात हुते म्हनं. आय मला पाळन्यासकट घिऊन भाईर पळाली."

११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. सातारा जिल्ह्यातल्या त्या पिढीच्या वयाला याहून पक्का पुरावा नाही. दुसरी एक बाई सांगते, बहात्तरच्या दुष्काळात ती आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची, पाटी उचलण्याइतकी होती. म्हणजे त्या वेळी आठ-दहा वर्षांची. कार्डावरच्या वयात आणि या वयात पाच-सहा वर्षांचं अंतर पडतं. एका बाईच्या फॉर्मवर त्यानं एखादा गुण इकडचा तिकडं होतो. लाखो फॉर्मांत असं झालं, की रक्तदाब नेमक्या कोणत्या वयापासून चढायला लागतो ती रेषाच सरकते. ठोकळ वयं सांगितली की पन्नास आणि साठवर माणसांचे ढीग दिसतात आणि एकोणपन्नास, एकसष्ट ओस पडतात. लोकसंख्येचे अभ्यासक कुठलीही माहिती हातात आली की आधी हे ढीग शोधतात.

तंबाखूचा प्रश्न आणखी अवघड. "तंबाकू? न्हाय बया, आमच्यात कुनी बाईमानूस खात न्हाय." बोलणाऱ्या आजींच्या बोटाला काळी मशेरी लागलेली. त्या खोटं बोलत नव्हत्या. मशेरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. आशाताईनं मशेरीचा डबा पाहून विचारलं, "सकाळी किती वेळा लावता, आजी?" मग उत्तर आलं: उठल्यावर, जेवल्यावर, आणि रात्री झोप येत नाही म्हणून. दिवसातून तीनदा तंबाखू.

या एका नोंदीचं मोल किती आहे, हे मुंबईत झालेल्या एका कामावरून कळतं. १९९० च्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या गटानं मतदारयाद्या घेऊन मुंबईतल्या पस्तीस वर्षांवरच्या सुमारे १ लाख ४८ हजार लोकांच्या तंबाखूच्या सवयी घरोघरी जाऊन लिहून घेतल्या. पाच-सहा वर्षांनी ते पुन्हा त्याच दारांत गेले आणि कोण हयात आहे, कोण गेलं, ते नोंदवलं. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, ही समजूत त्या माहितीपुढं टिकली नाही. बिडी ओढणाऱ्यांतला मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा जास्तच निघाला. बायकांत मुख्य सवय मशेरीची होती. प्रश्न विचारणाऱ्यांनी मशेरीचं नाव घेऊन विचारलं नसतं, तर त्या हजारो बायका तंबाखू न वापरणाऱ्यांच्या रकान्यात जाऊन बसल्या असत्या. मग दोन गटांत फरक दिसला नसता आणि तंबाखूनं बायकांचं काही बिघडत नाही, असा निष्कर्ष आकड्यांच्या जोरावर मांडता आला असता.

फॉर्मच्या पुढच्या भागात लक्षणं येतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, तोंडातली न भरणारी जखम, आणि बायकांसाठी छातीतली गाठ, पाळी गेल्यावरचं रक्त, अंगावरून जाणारं दुर्गंधीयुक्त पाणी. ओट्यावर सासू बसलेली, शेजारीण उंबऱ्यात, धाकटा दीर मोबाइल बघत. इथं आशाताईचा पेन थांबतो. ती सगळ्यांसमोर काही विचारत नाही. "वैनी, जरा गोठ्याकडं चला, वासरू दाखवा," म्हणते. परत येताना दोघी गप्प असतात आणि फॉर्मवर एका ठिकाणी 'होय' लिहिलेलं असतं. हे 'होय' ओट्यावर कधीच आलं नसतं.

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, अशाच न बोलल्या जाणाऱ्या दुखण्यांवर एक मोठं काम उभं राहिलं. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकारानं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके. रुग्णालयात येणाऱ्यांची यादी करून भागणार नव्हतं, कारण बहुतेक बायका रुग्णालयापर्यंत येतच नव्हत्या. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, ग्रामस्थांशी बोलले, लक्षणं असलेल्यांना शोधून तपासायला आणलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं खेड्यातलं ओझं त्या नोंदींतून दिसलं. पुढं उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना घेऊन तपासणीच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना झाली. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष छापून आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) चाचणीनं त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या तपासणी धोरणांत आधार म्हणून घेतला जाणारा हा अभ्यास मराठवाड्यातल्या खेड्यांत झाला आहे. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

परत वाडीवर. पाच मिनिटं झाली, पट्टा फुगला, यंत्रावर आकडे आले: १४७ आणि ९३. मॅडमनी तसेच लिहिले. पूर्वी पाऱ्याच्या यंत्रावर कानानं ऐकून मोजायचे तेव्हा हेच माप १५० आणि ९० असं लिहिलं गेलं असतं. जुनी रजिस्टरं उघडली की शून्यावर संपणारे आकडे ओळीनं दिसतात: १२०/८०, १३०/८०, १४०/९०. १४० ही आजाराची सीमा आहे. १३८ चा माणूस १४० केला की तो रुग्ण ठरतो, १४३ चा १४० केला की जेमतेम सीमेवर असल्यासारखा वाटतो. डिजिटल यंत्रं आल्यावर हा गोंधळ पुष्कळ कमी झाला. एका मापावर मात्र मॅडम कुणाला रुग्ण ठरवत नाहीत. त्या थांबून पुन्हा मोजतात, आणि पुन्हा जास्त आलं तर उपकेंद्रात बोलावतात.

सातारा जिल्ह्याला या कामाचा अनुभव इतरांपेक्षा जुना आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून पहिले चार जिल्हे घेतले गेले: सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. सगळ्या सरकारी दवाखान्यांत औषधांचा एकच ठरलेला क्रम, महिन्याच्या गोळ्या एकदम, आणि प्रत्येक रुग्णाची प्रत्येक भेट नोंदवायची. दर तीन महिन्यांनी हिशेब होतो. नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जण आले, आणि आलेल्यांपैकी कितींचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. मला पुरस्कारापेक्षा त्या हिशेबातला तिसरा रकाना महत्त्वाचा वाटतो: 'आले नाहीत'.

समजा, शंभर नावं आहेत. चाळीस जणांचा रक्तदाब आटोक्यात, वीस जणांचा वर, आणि चाळीस जण तीन महिन्यांत फिरकलेच नाहीत. आलेल्या साठांनी भागलं तर यश ६७ टक्के. शंभरांनी भागलं तर ४०. माणसं तीच, गोळ्या त्याच; भाजक बदलला. या उपक्रमात न आलेल्यांना भाजकात ठेवतात, आणि हा त्यातला सगळ्यांत प्रामाणिक भाग आहे. न आलेल्याचा रक्तदाब आटोक्यात असेल असं धरायला काहीच आधार नसतो.

आता रहिमतपूर, कोरेगाव भागात न आलेले म्हणजे कोण? मी आशाताईबरोबर यादी घेऊन घरं फिरलो तेव्हा कुलपं दिसली. रेशनकार्डावर नाव, मतदारयादीत नाव, घरपट्टी भरलेली, पण माणूस मुंबईत. या पट्ट्यातली किती घरं माथाडीच्या कामावर उभी राहिली हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. माणूस घाटकोपरला किंवा कोपरखैरण्याला राहतो, यात्रेला आणि गणपतीला गावी येतो. त्या आठवड्यात आशाताईनं गाठून त्याचा बीपी मोजला आणि तो जास्त निघाला, की नाव इथं चढतं. नंतर तो तीन महिने दिसत नाही. तो गोळ्या सोडून बसला आहे, की मुंबईत पालिकेच्या दवाखान्यातून घेतो आहे? रजिस्टरला कळत नाही. कदाचित तिथल्या यादीतही त्याचं नाव आहे आणि देशाच्या बेरजेत तो दोनदा मोजला गेला आहे. कदाचित कुठंच नाही.

जे मुंबईला गेले नाहीत तेही सकाळी अकराला घरी सापडत नाहीत. तेव्हा ओट्यावर बायका आणि म्हातारी माणसं असतात. तीस ते पन्नासचे पुरुष रानात, कारखान्यावर, गाडीवर. म्हणून तपासणीच्या यादीत बायका भरपूर आणि ऐन वयातले पुरुष थोडे. ही यादी बघून कुणी 'इथं बायकांना बीपी जास्त' असं म्हटलं तर ते यादीबद्दल खरं असेल, गावाबद्दल नाही. आशाताई यावर उपाय करते: संध्याकाळी दूध डेअरीवर जाते. कॅन घेऊन रांगेत उभे असलेले गडी तिथं सापडतात, आणि पाच मिनिटं बसायला डेअरीचा कट्टा असतो.

या साखळीचं शेवटचं टोक मृत्यूच्या नोंदीशी आहे आणि ते फार कच्चं आहे. देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी पाचव्या हिश्शाहून थोड्याच जास्त मृत्यूंना डॉक्टरनं लिहिलेलं कारण असतं. घरी गेलेल्या माणसापुढं 'वृद्धापकाळ' किंवा 'अॅटॅक' लिहिलं जातं. बासष्टाव्या वर्षी पक्षाघातानं गेलेली बाई वृद्धापकाळात गेली असं लिहिलं, तर दहा वर्षं वाटलेल्या गोळ्यांनी पक्षाघात कमी झाले का, याचं उत्तर कधीच मिळणार नाही. आणि मुळात गावात माणसं किती, हेही २०११ च्या जनगणनेवरून चाललं आहे. पुढची २०२७ साठी ठरली आहे.

तोवर जे हातात आहे ते सांगतो. तुमच्या दारात फॉर्म घेऊन कुणी आलं तर पाच मिनिटं बसा, मशेरी लावत असाल तर लावतो म्हणा, आणि वय आठवत नसेल तर भूकंप नाहीतर दुष्काळ सांगा. आणि मुंबई-पुण्यात राहून गावी येणाऱ्यांनी एवढं करावं: या यात्रेला आलात की उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून घ्या, गोळ्या चालू असतील तर कुठल्या आणि कुठून घेता ते सांगा, आणि इथं राहत नसाल तर तेही आशाताईला लिहून घ्यायला लावा.